खाऱ्या दाण्यांची शिफारस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या पुरवणीतला साठीनंतरच्या प्रथिनांवरचा लेख वाचला. म्हणजे मी नंतर वाचला. आधी आमच्या ह्यांनी वाचला, आणि तोही मोठ्याने. चीज, खारे दाणे, पाकिटातलं सूप, सुकट. हे सगळं खावं असं पेपरातच छापून आलंय म्हटल्यावर घरातल्या बाईला कोण विचारतो?

गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्यातून उठल्यापासून ह्यांच्या मिठावर बंधन आहे. रोज सकाळी सपाट पाऊण चमचा मीठ मी एका छोट्या वाटीत काढून ठेवते. ह्यांचं वरण, उसळ अळणी काढायची आणि मीठ त्या वाटीतून ताटात वरून घालायचं. शिजताना घातलेलं मीठ कुठे मुरतं कळत नाही, वरचं जिभेला लागतं. वाटी संपली की दिवस संपला. इतकं करून परवा संध्याकाळी हे 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून गेले आणि खिशात पुडी, हातात चीजचं पाकीट घेऊन आले. सकाळी मोजे काढले तर नडगीवर इलॅस्टिकचा वळ. बोटाने दाबलं तर खळगा तसाच. वजन किलोभर जास्त. डॉक्टरांना मी फोन केला, लेखकमहाशयांनी नव्हे.

त्या पाकिटावर १०० ग्रॅमला १४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय (भिंग घेऊन वाचलं). दोन चकत्या म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅम मीठ (सोडियमच्या अडीचपट मीठ धरायचं). माझ्या वाटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच संपला! उलट एका अंड्यात सोडियम फार तर ७० मिलिग्रॅम आणि प्रथिनं सहा ग्रॅम. मूग, मटकी, चवळी यांत मुळात मीठ नावालाच असतं, ते आपण घालतो. कुळथाच्या पिठल्याला सोलं नि लसूण असली की मिठाची आठवण येत नाही. निदान मला येत नाही. घरी दूध फाडून केलेलं पनीर आहे, ताजी मासळी आहे. पण यातलं काही लेखात नाही. बहुधा त्याची पाकिटं मिळत नाहीत म्हणून.

चौकटीतला 'लो सोडियम मीठ वापरा' हा सल्ला तर थोरच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ह्यांच्या एका गोळीने पोटॅशियम आधीच अंगात साठून राहतं, म्हणून डॉक्टरांनी ते मीठ घरात आणूच नका असं बजावलंय. मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ते विचारल्याशिवाय चालत नाही. एवढी एक ओळ छापायला जागा नव्हती, ढोकळ्याच्या फोटोला अर्धं पान होतं. त्या ढोकळ्यातल्या सोड्यातही सोडियमच असतं, हे जाता जाता.

लेखिका किंवा लेखक जे कोणी असतील त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदरच आहे. एकदा आमच्याकडे जेवायला यावं, वाटी दाखवीन.

आणखी एक. पुरवणीच्या मागच्या पानावर सलग दोन आठवडे तेच शब्दकोडं आलं आहे. ह्यांचं ते पहिल्याच मंगळवारी सुटलं होतं. कोडं नसलं की हे दुपारभर रिकामे, आणि रिकामे असले की स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतात.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)