जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण नंबर छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात, हँडबिलांवर, दुकानांच्या बोर्डांवर सगळीकडे कॉम्प्युटरची एकच जाहिरात दिसायला लागते, 'आय फाइव्ह, 16 जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटरसकट', आणि किंमत अशी की आईवडील लगेच पैसे काढून देतात. पण तो आय फाइव्ह (इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू) कुठल्या जनरेशनचा म्हणजे पिढीचा ते त्यात कुठेच नसतं आणि सगळी गोम तिथेच आहे.

आय फाइव्ह हे नाव 2009 पासून चालू आहे. या स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा सेकंड नाहीतर थर्ड जनरेशनचा म्हणजे 2011-12 चा प्रोसेसर असतो आणि सोबत त्याच काळातल्या एच 61 चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), बोर्ड चकचकीत, खोक्यात पॅक, पण तंत्र तेच जुनं, रॅम जुन्या डीडीआर 3 प्रकारची आणि साटाचे म्हणजे डिस्क जोडायचे पोर्टही निम्म्या स्पीडचे, त्यामुळे नवी एसएसडी (वेगवान डिस्क) लावली तरी ती पूर्ण पळत नाही. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. दुकानदार जुगाड करून 11 टाकून देतात, ते चालतंही, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवर घरातली बँकेची कामं होणार असतात हो!

याउलट आय थ्री 12100 घ्या. नावाने लहान, पण 2022 चा, 4 कोर 8 थ्रेड (कोर म्हणजे काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं), थर्ड जनरेशनच्या आय फाइव्ह 3470 ला (4 कोर, 4 थ्रेड) आरामात मागे टाकतो. एएमडी कंपनीचा रायझन 5 5600जी तर 6 कोरचा आहे आणि त्यातले ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) घरच्या कामाला आणि हलक्याफुलक्या गेमला पुरतात, वेगळं कार्ड नको. फक्त इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल तर सांभाळा, त्यात ग्राफिक्स नसतात, वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. रॅम एकच 16 ची घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घ्या, आतल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फरक पडतो. रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून फार चढलेत, तेव्हा बजेट अगदीच कमी असेल तर आधी एक 8 ची लावा आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. त्याहून कमी बजेट असेल तर ऑफिसमधून निघालेला आठव्या जनरेशनचा ब्रँडेड डेस्कटॉप बघा, 'नवीन' म्हणून खपवलेल्या एच 61 पेक्षा तो केव्हाही चांगला.

एसएमपीएसकडे, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, तर कोणी बघतच नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्यावर 450 वॉट छापलेलं असतं, पण त्याच स्टिकरवर 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. 14 असतील तर 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॉटच, आणि आजचे प्रोसेसर बहुतेक सगळी पॉवर त्याच लाइनवरून घेतात. आमच्याकडे गावात लाइट सारखी जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, असला एसएमपीएस उडाला तर कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो. हजार-दीड हजार वाचवायचेच असतील तर ते कॅबिनेटच्या रंगीत लाइटमध्ये वाचवा, इथे नको.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क दिलाय. तेव्हा पालकांनी कोटेशनवर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस सगळ्यांचे पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागावेत आणि तेच नंबर जीएसटी बिलावर आहेत का ते बघूनच पैसे द्यावेत. आणि आपल्याला कळकळीची विनंती, आपल्या जाहिरात विभागाने कॉम्प्युटरची जाहिरात घेताना प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि मशीन नवं की जुनं एवढं तरी छापायला लावावं, येत्या ॲडमिशनच्या सीझनपासूनच.

आपला,
एक वाचक, कराड