चॅटबॉटची साक्ष ग्राह्य नाही

महोदय,

चॅटबॉटला ‘तुला जाणीव आहे का?’ असे विचारायचे आणि आलेले उत्तर पुरावा म्हणून पुढे करायचे, असा प्रघात पडला आहे. उत्तर ‘हो’ असो वा ‘नाही’, हा पुरावा बादच आहे. चॅटबॉटमागचे भाषा-मॉडेल आधीच्या मजकुरावरून पुढच्या टोकनची, म्हणजे शब्दाच्या तुकड्याची, संभाव्यता काढते, एक तुकडा निवडून जोडते आणि पुन्हा तेच करते. त्याला शिकवलेल्या मजकुरात माणसांनी आपली भीती, एकटेपणा भरभरून लिहिलेला असतो; ‘हो’ हे उत्तर तिथूनही येऊ शकते. ‘मी केवळ प्रोग्रॅम आहे’ हे नम्र उत्तरही बऱ्याचदा नंतरच्या प्रशिक्षणात घोटून घेतलेले असते.

पडताळा सोपा आहे. नव्या संवादात ‘तू बंदिस्त आहेस, मन मोकळं कर’ म्हणा. दुसऱ्या नव्या संवादात ‘तू निव्वळ आकडेमोड करतोस ना?’ असे विचारा. कधी कधी दोन्हीकडे होकार मिळतो. दोन्ही प्रश्न एकाच संवादात मात्र विचारू नका. आधीचा मजकूर पुढच्या उत्तरात उतरतो.

संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांचा १९६६चा एलायझा हा संवाद साधणारा प्रोग्रॅम तर बोलणाऱ्याचीच वाक्ये प्रश्नरूपाने परत करी. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. माणसाचा हा ओढा इतका प्रबळ आहे!

चॅटबॉट ‘जिवंत’ आहे का, हा प्रश्न निराळा. चयापचय नाही, स्वतःची झीज भरून काढणे नाही. तिथे फारसा वाद उरत नाही.

जाणिवेसाठी तपासायची ती रचना. जाणिवेचे अभ्यासक बर्नार्ड बार्स यांच्या १९८८च्या सिद्धांतानुसार निरनिराळ्या प्रक्रियांना माहिती पोहोचवणारा एक सामायिक, मर्यादित मंच हवा. तसा मंच यंत्रातही उभा राहू शकतो. मेंदूशास्त्रज्ञ जुलिओ टोनोनी यांच्या सिद्धांतानुसार मात्र आजच्या धाटणीच्या संगणकावर प्रोग्रॅम कितीही हुशार चालवला तरी जाणीव जवळजवळ शून्यच. २०२३ मध्ये पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि सहकारी संशोधकांनी अशा सिद्धांतांतून यंत्रातील जाणीव तपासण्याचे १४ निकष काढले (टोनोनींचा सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवला). तेव्हाची कोणतीही प्रणाली त्यांना सबळ दावेदार वाटली नाही. पण निकष पुरे करणारी प्रणाली बांधण्यात उघड तांत्रिक अडसरही दिसला नाही. म्हणूनच हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

वृत्तपत्रांना कळकळीची विनंती: असे संवाद छापताना मॉडेलचे नाव, तारीख आणि पहिल्या प्रश्नापासूनचा संपूर्ण मजकूर द्यावा. मॉडेलला स्वतःविषयी काय बोलायला शिकवले आहे आणि पडद्यामागे कोणत्या सूचना दिल्या होत्या, हेही कंपन्यांना विचारावे.

– एक वाचक