ऑफिसला मेल टाकताना सब्जेक्ट असा लिहा
नमस्कार मंडळी, सोसायटीच्या ऑफिसला मेल करताना सब्जेक्टमध्ये आधी विंग-फ्लॅट नंबर आणि मग काम एवढं तरी लिहा, म्हणजे "बी-४०३ लीकेज" किंवा "ए-११०२ भाडेकरू एनओसी", कारण जीमेलला फिल्टर लावलाय, लीकेज शब्द दिसला की मेल थेट प्लंबिंग बघणाऱ्यांकडे जातो, पार्किंग, मेंटेनन्स बिलाचंही तसंच. "गळती" लिहिलंत तर त्या बिचाऱ्या फिल्टरला कळत नाही. नुसतं "अर्जंट" लिहिलं तर मॅनेजर उघडेपर्यंत पडून राहतो. आणि हो, जुन्या मेलला रिप्लाय करून नवीन तक्रार घालू नका प्लीज, गच्चीचं पाणी झिरपतंय हा मेल दिवाळी वर्गणीच्या थ्रेडखाली सापडला, तोही तीन दिवसांनी! दोन कामं असतील तर दोन मेल. लिफ्ट अडकली तर मेल नको, वॉचमनला फोन करा.