'निरंक' म्हणजे काय?

महोदय,

'बाईने धीट व्हायला हवे' हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा आपला रविवारचा अग्रलेख वाचला. भाषा छान आहे. कायदा आहे, समित्या आहेत, आता बायकांनीच पुढे यावे, असा एकंदर सूर. पुढे म्हणजे नेमके कुठे, तेवढे लिहायचे राहून गेले.

मी एका कार्यालयात लेखा विभागात ३१ वर्षे काढली. या छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी वरच्या हुद्द्यावरची बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. आमच्याकडे सगळे होते. लिफ्टशेजारच्या फलकावर, आग लागल्यास काय करावे त्याच्या खाली. अध्यक्ष म्हणून माझे नाव होते. हे मला कळले एका कंत्राटी मुलीकडून. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी येऊन उभी राहिली, हातात चार घड्या घातलेला कागद. "मॅडम, हे तुमच्याकडेच द्यायचं ना?" मला वाटले, प्रवासभत्त्याचे बिल. म्हटले, "ट्रेमध्ये ठेव." तिने ठेवला नाही. तशीच उभी राहिली.

कागदात काय होते ते लिहीत नाही. गोपनीयता राखा असे कायदा सांगतो, निदान तेवढे तरी माझ्या हातून होऊ दे.

साहेबांकडे गेले तर ते हसले. "अहो मॅडम, नाव नुसतं कागदावर आहे. तुम्हाला काही करायचं नाहीये." मी फाइल मागवली. दोन वर्षांचे अहवाल, दोन्हींवर 'प्राप्त तक्रारी : निरंक', म्हणजे एकही नाही, आणि खाली माझी सही! बिलांच्या गठ्ठ्यात कधीतरी पुढे सरकवलेले कागद असणार. बिलात रुपयाची चूक पकडणारी मी, आणि हे असे. बाहेरच्या सदस्य बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "कुठली समिती?"

तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. हे सगळे मी नंतर वाचले. तोवर मुलीचे कंत्राट संपले होते. 'काम कमी आहे' म्हणून तिला पुन्हा घेतले नाही. तिच्याबरोबर लागलेल्या दोन मुलांना घेतले.

आणि आपण लिहिता, बायका गप्प बसतात. ती बसली नव्हती हो. अशा समित्या हव्यात असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा, त्यावरून कायदा करायला संसदेला १६ वर्षे लागली. संसदेला कोणी धीट व्हायला सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

खोट्या तक्रारींची काळजीही आपण दोन परिच्छेद केली आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १४मध्ये आहे. समिती नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हेही आहे. त्याला अर्धी ओळही मिळाली नाही.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्रातली ती कोट घातलेली, हाताची घडी घालून हसणारी बाई कोण? महिला दिनाच्या पुरवणीतही हीच होती. तिला एकदा खुर्ची तरी द्या.

एक निवृत्त लेखापाल
(नाव छापू नये)