जकार्तातल्या ताईंना, ‘यांग’ उलगडून दाखवल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

इंडोनेशियन शिकणाऱ्या आमच्या गटाच्या वह्या तुम्ही इतक्या बारकाईने तपासता, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. ‘सोपी भाषा, क्रियापदं काळाप्रमाणे बदलत नाहीत’ एवढं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. तुम्ही मात्र प्रश्न आणि कर्मणी प्रयोग एकत्रच शिकवलेत, आणि तिथेच गाठ सुटली.

‘तू काय विकत घेतलंस?’ हे दोन तऱ्हांनी विचारता येतं. ‘कामु मम्बली आपा?’ यात ‘आपा’ (काय) कर्माच्याच जागी राहतं, म्हणून क्रियापद कर्तरी. ‘आपा’ वाक्याच्या सुरुवातीला आणलं की मागोमाग ‘यांग’ (आपल्या ‘जो-जी-जे’सारखा जोडशब्द) येतं आणि क्रियापदाचा ‘मम’ गळतो: ‘आपा यांग कामु बली?’ इथे ‘मम्बली’ ठेवलं की वाक्य फसतं. ‘यांग’च्या आधी ज्याची चौकशी, तेच वाक्याचं उद्देश्य असावं लागतं, आणि कर्म उद्देश्य झालं की प्रयोग कर्मणीच हवा. चौकशी कर्त्याची असेल तर कर्तरी रूप टिकतं. ‘सिआपा यांग ममांग्गिल?’ म्हणजे हाक कोणी मारली, ‘सिआपा यांग दिपांग्गिल?’ म्हणजे कोणाला मारली. ‘कापान’ (केव्हा) आणि ‘दि माना’ (कुठे) यांना मात्र ‘यांग’ लावायचं नाही: ‘कापान कामु मम्बली बुकु इतु?’ (ते पुस्तक तू केव्हा घेतलंस?)

तुमचं सर्वांत मोठं देणं म्हणजे मराठीचाच घेतलेला आधार. ‘रामाने पुस्तक वाचलं’, पण ‘मी पुस्तक वाचलं’. मी-तू यांना ‘ने’ लागत नाही. तिकडेही वाचणारा अली असेल तर ‘बुकु इतु दिबाचा अली’, मी असेन तर ‘बुकु इतु साया बाचा’, ‘दि’शिवाय. दोन्ही भाषांची व्याकरणं वेगळी, हे तुम्ही दर वेळी बजावता. तरी एवढा धागा धरला की ‘दिबाचा ओलेह साया’ असं ‘माझ्याकडून’ छाप वाक्य सुचतच नाही. ‘साया’ आणि ‘बाचा’ यांच्यामध्ये काही घालायचं नाही, हेही तुम्हीच ठसवलंत. ‘सुदाह’ (आधीच, झालेलं), ‘तिदाक’ (नाही) त्या जोडीच्या आधी: ‘बुकु इतु सुदाह साया बाचा’. बोलण्यात ‘साया सुदाह बाचा’ कानावर पडतं, पण लेखी परीक्षेत ते चूकच.

कर्मणी करताना आधी धातू शोधा, हा तुमचा नियम सोन्यासारखा आहे. ‘मनुलिस’चा धातू तुलिस, म्हणून दितुलिस, ‘मन्यापु’चा सापु, म्हणून दिसापु, ‘ममुकुल’चा पुकुल, म्हणून दिपुकुल. ‘म’ लागताना त, स, प ही अक्षरं गिळली जातात आणि ‘दि’ लागताना परत येतात. शब्दकोशही धातूवरूनच लावलेला असतो. शिवाय क्रियापदाचा ‘दि’ जोडून लिहायचा, स्थळाचा सुटा: दिबाचा, पण दि रुमाह (घरी). खुद्द इंडोनेशियात दुकानांच्या पाट्यांवर यात गफलत होते.

पाहुण्यापुढे पेला ठेवून ‘सिलाकान दिमिनुम’ म्हणण्यातली अदब तुम्ही समजावली नसती, तर कर्मणी प्रयोग आम्हाला निव्वळ परीक्षेपुरता वाटला असता. हुकूम माणसावर जात नाही, पेय प्यायलं जावं एवढंच म्हटलं जातं.

पुढची वही ‘कहुजानान’ (पावसात सापडणं) आणि ‘कचुरिआन’ (चोरी होणं) अशा सोसण्याच्या रूपांची आहे. सवडीने तपासा.

आपले कृतज्ञ,
गटातले सर्व विद्यार्थी