हिमवादळात थांबलेल्या त्या दोघांचे आभार

डिसेंबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात, डकोटा ॲक्सेस तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशातल्या सू या मूळनिवासी लोकांना पाठिंबा देण्यासाठी मी विद्यापीठातून एकटाच मोटारीने नॉर्थ डकोटाकडे निघालो होतो. ही वाहिनी मिसुरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून जाणार होती, आणि पिण्याचे पाणीच धोक्यात येत असल्याने तिथले लोक स्वतःला आंदोलक न म्हणता पाण्याचे रक्षक म्हणवत. ४ डिसेंबरला लष्कराने जलाशयाखालून वाहिनी नेण्यास परवानगी नाकारल्याची बातमी वाटेत ऐकली, आणि दुसऱ्याच दिवशी मी हिमवादळात सापडलो. पाण्याच्या रक्षकांच्या छावणीजवळच्या कॅनन बॉल गावाच्या अलीकडे गाडी घसरून चरात रुतली. फोनला रेंज नव्हती, आणि अंगात होते ते शहरात मिरवण्यापुरते जाकीट.

बऱ्याच वेळाने एक जुना पिकअप ट्रक थांबला. त्यातल्या वयस्कर बाईंनी नाव-गाव विचारण्याआधी माझे भिजलेले हातमोजे ओढून काढले आणि पिशवीतले लोकरीचे मोजे, तेही पायांत घालायचे, माझ्या बोटांवर चढवून वरून स्वतःच्या तळहातांनी चोळत राहिल्या. सोबतच्या तरुणाने बर्फात आडवे पडून साखळी अडकवली व दोन प्रयत्नांत गाडी बाहेर काढली. मदतीला निघालेला मीच त्यांच्यावर भार झालो होतो, पण तसे त्यांनी जाणवूही दिले नाही. पेट्रोलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. छावणीच्या फाट्यापर्यंत मात्र ते माझ्यापुढे सावकाश ट्रक चालवत राहिले. त्या दोघांचा मी मनापासून ऋणी आहे. मोजे परत द्यायचे राहूनच गेले.