दादर स्टेशनवरच्या त्या पोरींचे मनापासून आभार
काल दादरला पुलावरून उतरताना गर्दीत माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि मुलांसाठी लिहीत असलेल्या कादंबरीची सगळी हाताने लिहिलेली पानं ओल्या जिन्यावर पसरली, गुडघ्यांमुळे मला वाकताही येईना. तेवढ्यात कॉलेजच्या दोघी पोरी थांबल्या, समोर लागलेली विरार लोकल सोडली त्यांनी! एकीने लोकांना बाजूने जायला लावलं, दुसरीने एकेक पान ओढणीने टिपून नंबरवारी लावलं, शाई पसरलेली वेगळी ठेवली आणि विचारते कशी, "आजी, या मोत्या कुत्र्याचं पुढे काय होतं?" सांगणार तोच गाडी आली, नावंही विचारता आली नाहीत. वसईला पोचल्यावर पहिली प्रार्थना तुमच्यासाठीच केली गं, प्रभू तुमचं भलं करो. आणि हो, मोत्या सुखरूप घरी येतो.